गार इंजिनाचं दुखणं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जामखेडसारख्या गावात गॅरेज चालवणाऱ्या माणसाला उन्हाळ्यात एकच तक्रार ऐकायची सवय असते, ती म्हणजे ‘गाडी गरम होते’. मे महिन्याच्या दुपारी सौताड्याच्या चढावर बॉनेट उघडं टाकून थांबलेली गाडी आणि शेजारी पाण्याची बाटली घेऊन उभा असलेला तिचा मालक, हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यामुळे इंजिन तापणं वाईट, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण त्यावरून आपण एक उलटा अर्थ काढतो. इंजिन जितकं गार तितकं चांगलं, असं आपण धरून चालतो. आज मला या समजुतीबद्दल बोलायचं आहे. ती चुकीची आहे, आणि ती पसरवण्यात आम्हा मेकॅनिक मंडळींचा वाटा मोठा आहे. माझाही आहे.

२००८ सालच्या जानेवारीतली गोष्ट. गावापासून चार-पाच किलोमीटरवरच्या एका वाडीत शिकवणारे गुरुजी त्यांची मारुती ८०० घेऊन माझ्याकडे आले. गाडी जुन्या, कार्बोरेटरच्या मॉडेलची. घरात आजारी माणूस होतं, महिन्यातून एकदा नगरच्या दवाखान्यात न्यावं लागायचं. एसटीचा प्रवास झेपेना, म्हणून पोटाला चिमटा घेऊन त्यांनी ही जुनी गाडी घेतली होती. तक्रारींची त्यांनी चक्क वहीत यादी करून आणली होती. लिटरला अठरा किलोमीटर जाणारी गाडी तेरावर आली. सकाळी चोक ओढल्याशिवाय चालत नाही आणि चोक आत दाबला की गचके देते, म्हणून शाळेपर्यंत चोक अर्धा ओढलेलाच ठेवावा लागतो. हीटर लावला तर गार वारा येतो. ऑइल कमी होतं. आणि यादीच्या शेवटी लिहिलं होतं, ‘टेंपरेचर चांगले. काटा कधीच वर येत नाही.’

ते शेवटचं वाक्य वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण दीड-दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, गाडी गरम होते म्हणून, तिचा थर्मोस्टॅट वॉल्व्ह मीच काढून टाकला होता.

मी ऑइल भरायचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला सायीसारखा पिवळट पांढरा थर जमला होता. पट्टी ओढून ऑइल बोटावर घेतलं, तर ते पातळ झालेलं आणि त्याला पेट्रोलचा वास. इंजिन दोन वर्षं कुडकुडत चाललं होतं, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

हा थर्मोस्टॅट वॉल्व्ह असतो तरी काय, ते आधी पाहू. इंजिनात पेट्रोल जळतं, तेव्हा त्यातली साधारण पाव ते तीस टक्के ताकदच कामाला येते. बाकीची सगळी उष्णता होऊन जाते. त्यातली काही सायलेन्सरवाटे बाहेर पडते आणि जवळजवळ तेवढीच इंजिनाभोवती फिरणारं पाणी घेऊन जातं. ते पाणी रेडिएटरमध्ये येतं, वाऱ्याने निवतं आणि परत इंजिनात जातं. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण या पाण्याला दोन वाटा असतात, हे फारसं माहीत नसतं. एक छोटा फेरा, इंजिनातल्या इंजिनात आणि हीटरपर्यंत. दुसरा मोठा फेरा, रेडिएटरमधून. या दोन फेऱ्यांच्या नाक्यावर थर्मोस्टॅट वॉल्व्ह बसवलेला असतो. पाटाच्या पाण्याला जसं दार असतं, तसं हे दार. इंजिन गार असेल तर दार बंद, पाणी आतच फिरत राहतं आणि लवकर तापतं. ते पुरेसं तापलं की दार उघडतं आणि पाणी रेडिएटरकडे सुटतं. जास्त तापलं तर दार जास्त उघडतं, निवलं तर पुन्हा मिटतं.

हे दार उघडायला वीज लागत नाही की तार लागत नाही. वॉल्व्हच्या पोटात पितळेची एक लहानशी कुपी असते आणि तिच्यात खास प्रकारचं मेण भरलेलं असतं. ठराविक उष्णतेला ते वितळतं, वितळताना फुगतं आणि आतली दांडी ढकलतं. बस, एवढंच यंत्र. निवलं की मेण आकसतं आणि स्प्रिंग दार परत ओढून घेते. बहुतेक वॉल्व्हवर तो कुठल्या अंशाला उघडू लागतो तो आकडा कोरलेला असतो. बऱ्याच गाड्यांत तो ८२ असतो, काहींत ८८. पूर्ण उघडायला त्याला आणखी दहा-बारा अंश लागतात.

आता कुणी म्हणेल, आपल्या भागात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, इथे पाणी तापवणारं हे दार हवंच कशाला? थंड देशातल्या गाड्यांचं ते लचांड आहे. मीही पूर्वी असंच म्हणायचो. पण हिशोब करून पाहा. बाहेर ४२ अंश असले तरी इंजिनाला हवे असतात ८५ ते ९५. म्हणजे आपला भर उन्हाळासुद्धा इंजिनाच्या दृष्टीने गारच आहे. आणि डिसेंबर-जानेवारीत आपल्या जिल्ह्यात पहाटे पारा दहाच्याही खाली उतरतो. अशा वेळी वॉल्व्ह काढलेली गाडी आष्टी-कड्याच्या सपाट रस्त्याने साठच्या वेगाने चालली, की समोरचा वारा रेडिएटरला इतका निववतो की पाणी कधीच हव्या त्या उष्णतेला पोचत नाही. काटा तळाशी बसून राहतो आणि आपण समाधानाने गाडी हाकत राहतो.

गार राहिलं तर इंजिनाचं बिघडतं काय? पहिली गोष्ट, पेट्रोलची नीट वाफ होत नाही. थेंब सिलिंडरच्या गार भिंतीवर बसतात, तिथली ऑइलची पातळ सायच धुऊन काढतात आणि रिंगांच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतात. वर आपण चोक ओढून ठेवलेला असेल, तर आगीत तेलच. धुतलेल्या भिंतीवर रिंगा कोरड्या घासतात आणि खालचं ऑइल पेट्रोलने पातळ होतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. ऐकून नवल वाटेल, पण एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. पेट्रोलमधला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येऊन ते होतं. थंडीत सकाळी सायलेन्सरच्या नळीतून ठिबकणारं पाणी ते हेच. यातली थोडी वाफ रिंगांच्या फटीतून खाली ऑइलच्या खोलीत जाते. इंजिन गरम असेल तर ती वाफ वाफच राहून बाहेर पडते. गार असेल तर तिथेच तिचं पाणी होतं, ऑइलमध्ये घुसळलं जातं आणि झाकणाला ती पांढरी साय धरते. जळण्यातून निघालेली आम्लं त्या पाण्यात मुरतात आणि आतून धातू खातात. इंजिन गार चाललं की सिलिंडर झपाट्याने झिजतो, हे ब्रिटनमधल्या संशोधकांनी १९३०च्या दशकातच प्रयोग करून दाखवलं होतं. आपण ते इतक्या वर्षांनंतरही ऐकायला तयार नाही.

तिसरी गोष्ट खिशाची. गार ऑइल जाड असतं, ते फिरवण्यात ताकद जाते. इंजेक्शनच्या गाड्यांत तर आणखी गंमत होते. तिथे चोक नसतो, पण पाण्याची उष्णता मोजणारा सेन्सर कॉम्प्युटरला सांगत राहतो की इंजिन अजून गार आहे. बिचारा कॉम्प्युटर तेवढं जास्त पेट्रोल सोडत राहतो. गाडीत काहीच बिघाड दिसत नाही, फक्त अ‍ॅव्हरेज पडतं.

तेव्हा काटा वर येत नसेल तर काय तपासायचं, ते आता क्रमाने सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे.

सगळ्यात आधी पाणी पाहा. गाडी रात्रभर उभी असताना, सकाळी, इंजिन पूर्ण गार असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. गरम असताना हात लावू नका. कुकरच्या शिट्टीसारखं हे झाकण आत दाब धरून ठेवतं, त्यामुळे शंभर अंशांच्या वर गेलेलं पाणीसुद्धा आत उकळत नाही. झाकण उघडलं की ते एकदम उसळतं. यात तोंड-हात भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. पाणी आधी पाहायचं कारण असं, की पाणी फार कमी झालं तर काट्याचा सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली दाखवतो. काटा म्हणतो गार आणि आत भट्टी पेटलेली. हा सगळ्यात घातक खोटेपणा आहे, म्हणून त्याची खात्री पहिल्यांदा करायची.

पाणी बरोबर असेल, तर काटा खरं बोलतो का ते पाहा. जुन्या गाड्यांत सेन्सरला एकच तार असते. ती सुटली किंवा गंजली तर काटा तळाशीच राहतो. चावी फिरवून ही तार काढून क्षणभर, अगदी क्षणभरच, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवली आणि काटा सरसर वर गेला, तर काटा आणि तार ठीक आहेत. हलला नाही तर दोष मीटरमध्ये किंवा तारेत आहे, इंजिनात नाही. नव्या इंजेक्शनच्या गाड्यांत मात्र हा उद्योग करू नका. याहून सोपी खूण म्हणजे हीटर. वीस मिनिटं गाडी चालवल्यावर हीटरमधून चांगला गरम वारा येत असेल आणि काटा तरीही खाली असेल, तर काटाच खोटा. दोन्ही गार असतील, तर इंजिन खरोखर गार आहे. कोरोनाच्या काळात घरोघरी आलेली कपाळाचा ताप मोजायची बंदूक इथे चालत नाही. ती माणसाच्या तापापुरतीच असते. कारखान्यात वापरायची वेगळी मिळते, ती आता बऱ्याच गॅरेजांत असते.

इंजिन खरंच गार आहे हे ठरलं, की हाताने करायची एक परीक्षा आहे. तिला कुठलंच हत्यार लागत नाही. सकाळी गार इंजिन चालू करा आणि इंजिनाकडून रेडिएटरच्या माथ्याकडे जाणाऱ्या वरच्या होज पाइपवर अधूनमधून हात लावून पाहा. पंखा आणि पट्ट्यापासून हात आणि कपडे लांब ठेवा. वॉल्व्ह चांगला असेल, तर पहिली काही मिनिटं पाइप गारच राहतो आणि मग थोड्या वेळातच हात ठेवता येणार नाही इतका तापतो. दार उघडल्याची ती खूण. पण पाइप सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होऊ लागला, तर दार आधीपासून उघडं आहे. एक तर वॉल्व्ह उघडाच अडकला आहे, नाहीतर आत वॉल्व्हच नाही. ज्या गाड्यांत वॉल्व्ह इंजिनाकडे परत जाणाऱ्या खालच्या पाइपापाशी बसवलेला असतो, त्यांत ही परीक्षा जाणत्याकडून करून घ्यावी.

पंख्याचंही पाहून घ्या. मारुतीसारख्या गाड्यांत पंखा विजेचा असतो आणि पाणी बरंच तापल्यावरच चालू व्हायला हवा. आमच्यातले काही जण त्याचा स्विच बाद झाला की तार थेट जोडून देतात. मग चावी फिरवली की पंखा सुरू. जुन्या फियाट, अ‍ॅम्बेसेडर, जीप यांचा पंखा तर पट्ट्यावर कायमच फिरतो. पण लक्षात ठेवा, वॉल्व्ह नीट मिटत असेल तर पंखा एकटा इंजिनाला फारसं गार करू शकत नाही. त्याचा वारा रेडिएटरला लागतो, आणि दार बंद असताना इंजिनातलं पाणी तिथे जातच नाही. म्हणून पंख्याच्या आधी वॉल्व्ह. रेडिएटरपुढे पुठ्ठा लावणं हा रात्रीपुरता तोडगा झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो काढायला विसरलात तर तोच गाडी तापवेल.

आता वॉल्व्हची परीक्षा. इंजिन गार असताना वॉल्व्हचं झाकण खोला. आत वॉल्व्ह असेल तर तो बाहेर काढा. हातात धरल्यावर गार वॉल्व्ह पूर्ण मिटलेला असला पाहिजे. फट दिसली तर तो बाद. मिटलेला असेल तर एका पातेल्यात पाणी घ्या, वॉल्व्ह दोऱ्याने बांधून पाण्यात सोडा, बुडाला टेकू देऊ नका, आणि शेजारी शंभराच्या वरपर्यंतचा तापमापक धरून पाणी तापवा. कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडू लागला आणि पाणी निवल्यावर पूर्ण मिटला, तर तो शाबूत आहे. पातेलं मात्र नंतर स्वयंपाकाला वापरू नका. कुलंट विषारी असतं, चवीला गोडसर असतं, म्हणून मुलांपासून आणि जनावरांपासूनही जपायला हवं.

ही पातेल्याची परीक्षा मी गुरुजींची गाडी येऊन गेल्यावर माझ्याच गॅरेजात केली. इतकी वर्षं ग्राहकांच्या गाड्यांतून काढलेले वॉल्व्ह मी एका पत्र्याच्या डब्यात टाकत आलो होतो, मोडीत देऊ म्हणून. त्या रात्री स्टोव्हवर पाणी ठेवलं आणि एकेक वॉल्व्ह सोडून पाहिला. दोन-तीन सोडले तर सगळे नीट उघडले आणि नीट मिटले. म्हणजे ज्यांना मी गुन्हेगार ठरवून काढलं होतं, त्यातले बहुतेक निर्दोष होते.

मग गाड्या तापत होत्या कशाने? आपल्या पाण्याने. आपला तालुका कमी पावसाचा. नळाला रोज पाणी नाही, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहायची, म्हणून रेडिएटरमध्ये जातं ते बोअरचं पाणी. ते जड. चहाच्या पातेल्याला किंवा पाणी तापवायच्या हंड्याला आतून जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि नळ्या बुजत जातात. गाडी तापते. मग वॉल्व्ह काढला की पाणी जोरात वाहतं आणि तेवढ्यापुरती गाडी निवते. ग्राहक खूश, मेकॅनिकही खूश. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, ही म्हण आपल्याकडे उगाच नाही. शिवाय काही इंजिनांत वॉल्व्हचीच एक चकती तापल्यावर छोट्या फेऱ्याची वाट बंद करते. तिथे वॉल्व्ह काढला, तर बरंचसं पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आतच फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते.

खरा उपाय म्हणजे रेडिएटर नीट धुऊन घेणं, फार बुजला असेल तर खोलून नळ्या साफ करून घेणं, आणि त्यात बोअरचं पाणी पुन्हा न घालणं. बॅटरीत घालायला मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर आणि कुलंट, डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात मिसळून भरावं. कुलंट फक्त बर्फाच्या प्रदेशासाठी असतं, हाही गैरसमज आहे. ते गंज रोखतं आणि पाण्याचा उकळण्याचा अंशही वर नेतं. वॉल्व्ह परत बसवताना पॅकिंग नवं घाला. वॉल्व्हला हवा सुटायचं बारीक भोक असेल तर ते वरच्या बाजूला ठेवा. पाणी भरल्यावर इंजिन चालू ठेवून आतली हवा निघू द्या आणि गार झाल्यावर पातळी पुन्हा पाहा. ऑइल पातळ झालं असेल किंवा साय दिसली असेल, तर ऑइल आणि फिल्टर बदलल्याशिवाय राहू नका. मात्र वॉल्व्ह चांगला असून साय पुन्हा धरली आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. ते दुखणं वेगळं आणि मोठं आहे.

गुरुजींच्या गाडीला आम्ही नवा वॉल्व्ह घातला. अ‍ॅव्हरेज सुधारलं, हीटर चालू झाला, चोकची गरज शाळेच्या वाटेवर पहिल्या एक-दोन मिनिटांपुरती उरली. पण ऑइल खाणं थांबलं नाही. रिंगा गेल्या होत्या. इंजिन खोलावं लागलं आणि काही शे रुपयांच्या वॉल्व्हपायी काही हजारांचं काम निघालं. गाडी जुनी होती, सगळा दोष एकट्या वॉल्व्हचा होता असं मी म्हणणार नाही. पण रोजचा चार-पाच किलोमीटरचा प्रवास, इंजिन तापायच्या आत शाळा आलेली, त्यात वॉल्व्ह नाही. झीज आम्हीच लवकर ओढवून घेतली. तीन आठवडे गाडी माझ्याकडे खोलून पडली होती आणि त्या महिन्यात त्यांना आजारी माणसाला घेऊन एसटीनेच नगरला जावं लागलं. मी मजुरी घेतली नाही आणि का घेतली नाही, ते त्यांना सांगितलं. हे सांगणं मजुरी सोडण्यापेक्षा अवघड गेलं.

१९८३ साली आलेल्या मारुती ८००चं आणि त्याहून जुन्या अ‍ॅम्बेसेडरचं, दोन्हींचं उत्पादन २०१४ साली थांबलं. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी त्याच्या आधीच गेली. पण खेड्यापाड्यांत अशा गाड्या अजून कुणाच्या तरी दारात आहेत आणि अडीअडचणीला उपयोगी पडताहेत. ती तुमच्याकडे असेल, तर एक करा. उद्या सकाळी गाडी काढाल तेव्हा घड्याळ पाहा आणि काटा मध्यावर यायला किती मिनिटं लागतात ते मोजा. साधारण पाच ते दहा मिनिटांत यायला हवा आणि तिथेच टिकायला हवा. अर्ध्या तासानंतरही तो तळाशीच असेल, तर त्याला चांगली बातमी समजू नका. आणि गॅरेजमध्ये कुणी ‘वॉल्व्ह काढून टाकू, गाडी गार राहील’ असं म्हणाला, तर त्याला आधी रेडिएटर उघडून पाहायला सांगा.